न फुटणाऱ्या पिशव्या

सरांबद्दल सांगायचं तर सुरुवातच अवघड होते, कारण सर नेमकं काय करत होते हे मला तेव्हा कळलं नव्हतं आणि आजही नीट कळलेलं नाही. मी मराठीचा माणूस. वडिलांनी हौसेनं अकरावीला सायन्सला घातलं होतं, तिथे रसायनशास्त्रात सपशेल आपटलो आणि त्या विषयाला कायमचा रामराम ठोकला. पुढे साताऱ्याकडून उठून थेट राज्याच्या दुसऱ्या टोकाला, मारेगावच्या कॉलेजात नोकरीला आलो आणि राहायला खोली मिळाली ती नेमकी रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाच्या घरात. नशीब अशा खोड्या काढत असतं.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. उन्हातून आलो, पडवीतल्या रांजणात ओगराळं बुडवलं, तर पाण्याबरोबर काळ्या फडक्यात गुंडाळलेली काचेच्या नळ्यांची जुडी वर आली. मी ती हातात धरून उभा, तोवर आतून सर ओरडत आले, "ठेवा, ठेवा! गरम होईन थे!" त्यांनी जुडी माझ्या हातातून काढून घेतली, अलगद पुन्हा पाण्यात सोडली, वर झाकण ठेवलं आणि मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "प्या ना पानी. पान्याले कायी होत नाही. नळ्या बंद हायेत." मी त्या दिवशी पाणी प्यायलो नाही. भारनियमनामुळे फ्रिज निम्मा दिवस बंद असायचा आणि नळ्यांना गारवा लागायचा, म्हणून रांजण, एवढं समजलं. नळ्यांत काय होतं ते समजायला बराच काळ गेला, आणि समजलं असं म्हणतो तेही आपलं स्वतःच्या समाधानासाठी.

सर उंच, जरा पोक काढून चालणारे. मूळचे राजूरचे, वडील तिथल्या कोळशाच्या खाणीत होते. कॉलेजात बाकी सगळ्यांना विषयावरून हाक मारत: इंग्रजीवाले, पीटीवाले, मी मराठीवाले. त्यांना मात्र नुसतंच 'सर'. इतरांच्या खिशाला पेन असे, यांच्या खिशाला थर्मामीटर. चहा आला की आधी त्यात थर्मामीटर बुडवायचा, आकडा बघायचा, थांबायचं, पुन्हा बघायचं, मग प्यायचा. पाहुण्यांच्या घरीसुद्धा. एकदा प्राचार्यांच्या मुलीच्या साखरपुड्यात त्यांनी कढीत थर्मामीटर घातला होता. लग्न केलं नव्हतं. कोणी विषय काढलाच तर म्हणत, "आधी पिशव्या टिकू द्या." विचारणाराच ओशाळून दुसरीकडे बघायचा.

या पिशव्या म्हणजे सरांचा ध्यास. नागपूरला संशोधनाला नाव नोंदवून ठेवलं होतं, मार्गदर्शक निवृत्त झाले तरी यांचं काम चालूच होतं. एकदा मी धीर करून विचारलं, तेव्हा त्यांनी अंगणात मांडी घालून मला समजावलं.

"हे पाहा मराठीवाले, साबनाचा बारीक कन असते. त्याले डोकं असते अन् शेपटी असते. डोक्याले पानी आवडते, शेपटीले नाही आवडत. पान्यात टाकले की थे आपापल्या शेपट्या लपवते. दोन थर करते, शेपटीले शेपटी लावून, अन् गोल बसते. झाली पिशवी. आतमंदी पानी, बाहेर पानी."

"केवढी असते?"

"दिसत नाही."

"मग ती आहे हे कशावरून?"

सरांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "पानी धुरकट दिसते ना!"

आपल्या अंगातल्या पेशीही अशाच पिशव्या असतात, म्हणे. तिथे साबणाऐवजी दुसरा एक स्निग्ध पदार्थ असतो. पण या केलेल्या पिशव्यांची खोड अशी, की त्या टिकत नाहीत. चार दिवस गेले, जरा ऊन लागलं, पाण्यात भलतं काही पडलं, की फुटल्या. उपाय एकच. कणांनी एकमेकांचे हात धरायचे. साध्या साबणाला हात नसतात, म्हणून सर मुंबईहून एक पांढरी भुकटी मागवत, जिच्या शेपटीत मधोमध हात दडलेले असतात. तिच्या पिशव्या करायच्या, थंड ठेवायच्या, मग त्यांवर एक खास प्रकाश सोडायचा. प्रकाश पडला की शेजारचा शेजाऱ्याला घट्ट पकडतो, पिशवी जन्माची पक्की होते, आणि दुधट पाणी बघता बघता निळं होतं. हे निळं होणं मी डोळ्यांनी पाहिलंय. बाकी सगळं सरांवर विश्वास ठेवून.

पोरांना हे कळावं म्हणून त्यांनी एकदा कॉलेजच्या लिंबाखाली वर्गाचीच पिशवी केली. बाहेरच्या रिंगणात मुलं, तोंडं बाहेर. आतल्या रिंगणात मुली, तोंडं आत. पाठीला पाठ. मुलींच्या वेण्या म्हणजे शेपट्या. मुलांना शेपट्या नाहीत म्हणून त्यांच्या शर्टाच्या मागच्या बाजूला दुपट्टे खोचले. आणि पिशवीच्या पोटात काहीतरी हवं म्हणून मला मधे उभं केलं. अशा पिशव्यांत भरून अंगात औषध पोचवता येतं, म्हणे. ते औषध मी. सरांनी चौकीदाराच्या बकरीला आत हुसकावलं, रिंगण क्षणात फुटलं, मुली किंचाळत पळाल्या. "पाह्यलं?" सर म्हणाले. "आता हात धरा, हात!" मुलांनी मुलांचे धरले, मुलींनी मुलींचे. आता बकरी येईना. तिने दोनतीनदा डोकं घुसवून पाहिलं आणि नाद सोडला. सर इतके खूश झाले की कोणाला तरी सांगायला म्हणून प्रयोगशाळेकडे निघून गेले आणि आलेच नाहीत. तास संपल्याची घंटा झाली तरी पोरं हात सोडीनात, सरांनी सांगितलं नव्हतं ना. मी मधे अडकलो. संध्याकाळी मी त्यांना तणतणतच विचारलं, "सर, पिशवी इतकी पक्की केल्यावर आतलं औषध बाहेर यायचं कसं?"

सरांनी खिशातला थर्मामीटर काढून पुसला. मग म्हणाले, "तेच तर पाहून राह्यलो ना. ढिलं धरलं त फुटते, घट्ट धरलं त कायीच होत नाही. कितीक धराचं, थेच समजत नाही."

प्रयोगशाळेत धड सामान नव्हतं. पिशव्या करायला भुकटी गरम पाण्यात अतिशय बारीक थरथरवावी लागते, त्याचं यंत्र असतं, ते आमच्याकडे नव्हतं. सरांना ते बाजारात सापडलं. सोनाराकडे दागिने धुवायचं एक गुणगुणणारं भांडं असतं, त्यातलं पाणी असंच थरथरतं. सर दुपारी, दुकान रिकामं असताना, छत्री आणि काचेची नळी घेऊन सोनाराकडे जात. डोरली, जोडवी, नथा बाजूला सरकवून मधे नळी उभी धरायची आणि डोळे मिटून त्या गुणगुण आवाजाला बसायचं. सोनार भला माणूस. त्याची एकच अट होती, गिऱ्हाईक आलं की सरांनी नळी छत्रीत लपवायची. एका बाईनं आपलं डोरलं नेताना तक्रार केली होती की याला मेणबत्तीचा वास येतो. तेव्हापासून गावात काही लोक सर सोनं करतात म्हणत, तर काही म्हणत सोनं विरघळवतात. दोन्हीकडून सरांना सारखाच मान मिळे.

खास प्रकाशाची कथा याहून वरची. प्राचार्यांच्या केबिनमध्ये पाणी शुद्ध करायचं मशीन बसवलं होतं, त्यात जंतू मारायची दिव्याची नळी असते. तिचाच प्रकाश सरांना हवा होता. त्यांनी ती नळी काढून आणली आणि तेलाच्या रिकाम्या पिंपात बसवली. बरेच दिवस कोणाला पत्ता नव्हता. पुढे बाहेरून तपासणी समिती आली, प्राचार्य अभिमानानं म्हणाले, आमच्याकडे पाणी किरणांनी शुद्ध होतं, आणि झाकण उघडून दाखवायला गेले. आत पोकळी. सरांना बोलावणं गेलं. सर शांतपणे म्हणाले, "सर, तुमी इतके दिवस हेच पानी पिऊन राह्यले ना? झालं का कायी?" समितीतले एक गृहस्थ हातातला पेला खाली ठेवायचा की पिऊन टाकायचा या विचारात शेवटपर्यंत तसेच बसले होते.

हे सगळं मी हसत हसत सांगतोय, पण ती वर्षं हसण्याची नव्हती. कापसाची वाईट वर्षं. बोंडअळी कशालाच जुमानत नव्हती, लोक एकावर एक फवारे मारत होते, एका पंपात दोन-तीन औषधं कालवत होते. तिकडे कीटकनाशकाला औषधच म्हणतात. बाहेरगावच्या गाड्या यायच्या, फवारताना कोण कोण दगावलं ते माणसं विचारून जायची. हजेरी घेताना मधेच एखादं नाव रिकामं जायचं, मुलं म्हणायची, "फवारा माराले गेला, सर." मी पुढचं नाव घ्यायचो.

सरांची मोठी बहीण जवळच्याच एका गावात दिली होती. तिला ते 'बाई' म्हणत, मीही म्हणू लागलो. तिचे यजमान, म्हणजे सरांचे भाऊजी, नावाजलेले फवारेवाले. स्वतःचं शेत नाही, पण पाठीवर पंप घेऊन माणूस ओळीतून असा चाले की एक झाड कोरडं राहायचं नाही. चार गावांतून बोलावणं असे. औषध कालवायचं हातानं, त्याच हातानं खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, घोटायचा आणि तोंडात टाकायचा. तोंडाला फडकं बांधा म्हटलं की हसायचे. आदल्या हंगामात ते एकदा शेतातच कोसळले होते, तोंडाला फेस आला होता. दवाखान्यातून आले आणि आठवड्यात पुन्हा पंप पाठीवर. "ऊन लागलं होतं," एवढंच त्यांचं म्हणणं.

बाई आमच्याकडे आली ती उंबऱ्यावरच बसली. पाणीसुद्धा घेईना. सरांना म्हणाली, "तू एवढा शिकला. थ्या औषधाचं कायीतरी कर ना बापा. त्याले समजतच नाही कव्हा थांबाचं. अंगात भिनलं तरी समजत नाही. मले एकटीले ठेवून जाईन थो."

सर तिच्यासमोर जमिनीवर बसले होते. म्हणाले, "त्याइले समजत नसन, त समजनारं कायीतरी करू."

आणि इथून सरांच्या पिशव्यांनी दिशा बदलली. त्या निळ्या पिशव्यांचा एक दोष होता. त्यांच्या भिंतीला कोणी छेडलं, म्हणजे उष्णता लागली, साबण लागला, औषधातलं तेल लागलं, की निळ्याच्या तांबड्या व्हायच्या आणि पुन्हा निळ्या होत नसत. इतकी वर्षं सर असा तांबडा झालेला माल मोरीत ओतत आले होते. आता तोच दोष त्यांना हवा होता. निळ्या पाण्यात कागद भिजवायचा, सावलीत वाळवायचा, चौकोनी चिठ्ठी कापायची आणि फवारेवाल्याच्या खिशाला लावायची. अंगावर औषध यायला लागलं की चिठ्ठी तांबडी होईल. चिठ्ठी तांबडी झाली की शेतातून बाहेर निघायचं, अंग धुवायचं. इतकं सोपं. मलासुद्धा समजलं.

अडचण आमच्या उन्हाची. सरांनी पहिल्या चिठ्ठ्या पत्र्यावर ओळीनं चिकटवल्या, दुपारपर्यंत सगळ्या तांबड्या. औषधाचा थेंब नाही, काही नाही, नुसत्या उन्हानं. मग प्रकाश जास्त दिला, हात घट्ट धरवले. त्या उन्हात टिकल्या, पण औषधाचा थेंब टाकला तरी ढिम्म निळ्या. मग पुन्हा ढिल्या. उन्हाळाभर हेच, पुढे पावसाच्या उघडिपीतही. सर पत्र्यावर चढलेले आणि मी खाली शिडी धरून. शेजारी विचारायचे, काय चाललंय? मी सांगायचो, कितपत धरायचं ते पाहतोय. याहून जास्त मला माहीत नव्हतं. पोळ्याच्या सुमाराला एक दिवस सर शिडीवरून खाली आले, हातात चिठ्ठी, उन्हात राहूनही निळी. त्यांनी ड्रॉपरनं औषधाच्या पाण्याचा थेंब टाकला. जिथे थेंब पडला तिथे तांबडा ठिपका उमटला आणि पसरला. सरांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

चिठ्ठ्या घेऊन आम्ही माझ्या मोपेडवर बाईकडे गेलो. भाऊजींनी चिठ्ठी हातात न घेता आधी नीट पाहिली. घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली निळा झेंडा.

"निळी केली, हे बेस केलं," भाऊजी म्हणाले. "आपला रंग हाय."

"भाऊजी, निळी हाय तोवर कायी नाही. तांबडी झाली की निंघाचं."

"तांबडी कायले होऊ द्याची? चांगली निळी हाय ना."

सर हसले. त्यांना वाटलं, भाऊजी थट्टा करतायत. मग त्यांनी बाईला बजावलं, आणि फार बजावलं. याला बोट लावू नको, चुलीपाशी ठेवू नको, ओली होऊ देऊ नको, साबण लागू देऊ नको, यांच्या खर्र्याजवळ ठेवू नको. खिशाला टाचणीनं लाव असंही म्हणाले, पण ते एकदाच. बाई प्रत्येक गोष्टीला मान हलवत होती. आपल्या भावानं काहीतरी केलंय आणि ते आपल्या नवऱ्यासाठी केलंय, हे तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

त्या हंगामात आम्ही दर रविवारी त्यांच्या शेतावर जायचो, म्हणजे भाऊजी ज्या कोणाच्या शेतात असतील तिथे. साळा धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, आला आणि जावई पंप मारत राहिला, असं त्या घरात चालत नव्हतं. आम्ही लांबून दिसलो की भाऊजी पंप उतरवायचे, हात धुवायचे, धुतलेला शर्ट चढवायचे, बाई तीन दगडांवर चहा ठेवायची. भाऊजींच्या खिशाला निळी चिठ्ठी झकास लावलेली. सर आधी चिठ्ठी पाहत, मग चहात थर्मामीटर बुडवत. चिठ्ठी दर वेळी निळीच. सर नवी लावून जुनी घरी नेत, तिच्यावर औषधाचा थेंब टाकून पाहत. ती लगेच तांबडी होई. म्हणजे चिठ्ठी जिवंत होती. म्हणजे भाऊजींच्या अंगावर औषध येतच नव्हतं.

मला हे काही पटेना. एवढे फवारे मारणारा माणूस, आणि एक थेंब नाही? पण मी मराठीवाला. सर म्हणाले, "जपून राह्यले भाऊजी. वाऱ्याची दिशा पाहून चालत असन." बाईलाही त्यांनी तेच सांगितलं. त्या रविवारी बाई पहिल्यांदा मोकळं हसली. आम्हाला दोनदा चहा पाजला.

दसरा तोंडावर आला होता. मी ऑफिसात उभा असताना फोन वाजला, बाईच्या गावाहून. भाऊजी भरदुपारी शेतात पडले, वणीच्या दवाखान्यात नेलंय. सरांनी रिसीव्हर घेतला आणि पहिला प्रश्न विचारला तो हा, "चिठ्ठी कोन्या रंगाची हाय?" पलीकडच्या माणसाला कळेना. सर ओरडले, "अरे, खिशाची चिठ्ठी! निळी का तांबडी?" ऑफिसातली माणसं एकमेकांकडे पाहू लागली. बहिणीचा नवरा मरायला टेकलाय आणि हा माणूस रंग विचारतोय. कारकुनानं तर माझ्याकडे पाहून डोक्याजवळ बोट फिरवलं. मला त्याचा इतका राग आला की अजून आठवला तरी येतो.

आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा भाऊजींना आत घेतलं होतं. डॉक्टर म्हणाले, आत्ता काही सांगता येणार नाही. बाई व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर नवऱ्याच्या कपड्यांचं गाठोडं. त्या कपड्यांचा वास सगळ्या व्हरांड्यात भरला होता. सर तिच्याजवळ खाली बसले.

"बाई, चिठ्ठी कोठी हाय?"

बाईनं डोळे पुसले आणि गाठोडं सोडलं. शर्ट ओला होता. तिनं त्याच्या खिशातून प्लॅस्टिकची एक पन्नी काढली, वरचं रबर सोडवलं. आत आणखी एक पन्नी. तिच्या आत घडी न मोडलेली चिठ्ठी, लख्ख निळी.

"पाह्य," बाई म्हणाली. "एवढा पडला, भिजला, तरी याले थेंब लागू देल्ला नाही म्या. तू सांगतलं होतं ना, ओली होऊ देऊ नको म्हनून. पह्यल्या दिवसापासून असीच पन्नीत बांधून देतो त्याइले. आइतवारी तू येत होता तव्हाच काढून खिशाले लावत जाव. तुई मेहनत वाया जाऊ देल्ली नाही बापा."

रसायनशास्त्रातलं मला आयुष्यात एवढंच एकदा चटकन समजलं, आणि समजलं नसतं तर बरं झालं असतं. मी सरांकडे पाहिलं. त्यांनी चिठ्ठी घेतली, शर्ट घेतला, "धुऊन आनतो," म्हणाले आणि व्हरांड्याच्या टोकाला नळ होता तिकडे गेले. मी मागोमाग गेलो. नळ सोडण्याआधी त्यांनी चिठ्ठीचा एक कोपरा शर्टाच्या ओल्या बाहीला टेकवला. कोपरा जांभळा झाला, मग तांबडा, आणि तांबडं वर चढत चढत सगळ्या चिठ्ठीवर पसरलं. आम्ही दोघं पाहत उभे होतो.

"बरोबर चालते, मराठीवाले," सर म्हणाले.

मला आजही सांगता येत नाही की ते मला सांगत होते की विचारत होते. इतक्या वर्षांची मेहनत फळाला आली म्हणून त्यांचं अभिनंदन करायचं की गळ्यात पडून रडायचं, मला काही सुचेना. तेवढ्यात मागून बाई आली. "खराब झाली काय रे?" तिनं भीत भीत विचारलं. सरांनी मूठ मिटली.

"नाही बाई. तशीच हाय."

भाऊजी वाचले. दुसऱ्या दिवशी डोळे उघडले, पण हातांना कायमचा कंप राहिला. पंप सुटला, तो मात्र कायमचा. घरी नेलं त्या दिवशी बाईनं सरांकडे चिठ्ठी मागितली. ती जवळ होती म्हणूनच हा माणूस माघारी आला, अशी तिची खात्री होती. सर "आनून देतो" म्हणाले आणि कामाला लागले. त्या वेळी सोनारानं दुकानात गिऱ्हाईक असताना भांडं रिकामं करून दिलं. प्राचार्यांनी पाण्याच्या मशीनमध्ये परत बसवलेली नळी स्वतःच्या हातानं काढून दिली, का म्हणून विचारलंही नाही. सरांनी तेलाच्या पिंपावर झाकण ठेवलं आणि नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ तसंच ठेवलं. मी म्हटलं, "सर, फार घट्ट होईल." ते म्हणाले, "होऊ द्या." त्यानंतर त्यांनी पिशव्या केल्या नाहीत. रांजणात नुसतं पाणी राहिलं.

मला साताऱ्याकडे बदलीवजा नोकरी मिळाली, तेव्हा निघण्याआधी आम्ही शेवटचे बाईकडे गेलो. भाऊजींनी गावच्या फाट्यावर पानठेला टाकला होता. कंप पावणाऱ्या हातांनी खर्रा घोटता येत नसे, ते काम बाई करायची. ठेल्यात वरच्या बाजूला काचेच्या चौकटीत ती निळी चिठ्ठी लावलेली. येणाऱ्या प्रत्येकाला भाऊजी ती दाखवत. "आमच्या साळ्यानं केली. हे होती म्हनून मी तुमच्यापुढं बसून हावो." फवाऱ्यावरून परतणारी माणसं मान वर करून पाहत.

माझ्या जिभेवर शब्द आले होते. मी सरांना हळूच विचारलंही, "सांगणार नाही का कधी?" सर ठेल्यासमोरच्या बाकावर जाऊन बसले.

बाईनं पदरानं चौकटीवरची धूळ पुसली. "पाह्य, किती ऊन खाल्लं यानं, पाऊस पाह्यला, अजून निळीच्या निळी हाय. लय पक्की केली रे तू."

"हाव बाई," सर म्हणाले, "पक्की झाली." आणि समोर आलेला उकळता चहा थर्मामीटर न बुडवता तसाच तोंडाला लावला. तोंड पोळलं असणार.